थांबणारं यंत्र मला नको

भवानी पेठ, सोलापूर
ता. २७ ऑगस्ट १९३४

हिंदुराव, आशीर्वाद.

खुशाली विचारण्यात कागद घालवत नाही. तुम्ही मंडळी मुंबईत बरी असाल असं धरून चालतो. काम आहे म्हणून लिहितो, आणि हे काम तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही.

तू ज्या यंत्रांच्या वखारीत नोकरीला आहेस तिथं सुतारकामाची यंत्रंही येतात ना? त्यातलं एक मला हवं आहे. लोखंडी टेबल, टेबलाच्या मधून वर आलेला दांडा, दांड्याला पाती, आणि तो दांडा भिंगरीसारखा फिरतो. लाकूड टेबलावरून सरकवलं की पातं त्यात खाच पाडत जातं. इथल्या एका गिरणीच्या सुतारखात्यात मी ते पाहिलं. नाव विचारलं तर तिथल्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं. नाव तू शोध.

माझं काम तुला ठाऊक आहे. इथले तेलुगू विणकर मागाचे हात्ये माझ्याकडून करून नेतात. विणकराची फणी ज्या लाकडी चौकटीत बसते तो हात्या. त्याच्या पट्ट्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ खाच लागते. खाच वाकडी गेली की फणी हलते, फणी हलली की कापड बिघडतं, आणि मग विणकर माझ्या दारात येऊन तेलुगूत जे बोलतो ते मला भाषा येत नसूनही कळतं.

आजवर ही खाच मी रंध्याने पाडली. आता मागणी वाढली आहे. शेजारी सिद्धलिंगप्पाची पिठाची गिरणी आहे, तिचं तेलाचं इंजिन दिवसभर धडधडत असतं. मधल्या भिंतीला भोक पाडून पट्टा माझ्याकडे घ्यायला त्याची ना नाही. म्हणाला, "घ्या की. इंजिनाला काय कळतंय, जोंधळा हाय का लाकूड हाय?"

यंत्र दणकट हवं, एवढं ध्यानात ठेव. तुझ्या अक्काला यातलं काही लिहू नकोस. माझ्या घरात मी सावकाशीने सांगेन.

अक्षर वाईट आलं आहे. टाक नवा आहे.

जोतीराम

परळ, मुंबई
ता. ४ सप्टेंबर १९३४

दाजींना नमस्कार.

पत्र वाचलं आणि पाठवणाराचं नाव पुन्हा एकदा बघून घेतलं. माझ्या लग्नाच्या मांडवात बसून, यंत्राने तासलेलं लाकूड म्हणजे मेंढ्या कातरणाऱ्याकडून करून घेतलेली दाढी, असं सगळ्या वऱ्हाडाला ऐकवणारे दाजी हेच का? आणि अक्षराचं काय सांगावं! कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली आहे. टाक बदला, नाहीतर कोंबडी तरी बदला.

असो. साहेब लोक त्याला स्पिंडल म्हणतात, आमचे हमाल सरळ भिंगरी म्हणतात. सध्या वखारीत दोन आहेत. एक धाकटी, तिला दोन हॉर्सपॉवर पुरते. दुसरी थोरली, तिला पाच लागते. तुमच्या सिद्धलिंगप्पांचं इंजिन दोघींनाही फिरवील.

माझं ऐकाल तर धाकटी घ्या. खाच एका दमात पूर्ण खोल होणार नाही, दोनतीनदा लाकूड पात्यावरून न्यावं लागेल. लाकडात गाठ आली किंवा तुम्ही घाई केली तर ती धापा टाकते, पट्टा घसरतो आणि ती उभी राहते. मला तिचा तोच गुण आवडतो. माणूस चुकला की ती थांबते. थोरली थांबत नाही, दाजी. समोर काय आलं ते ती बघतच नाही.

आणि हे एकाएकी कुठून निघालं? तुम्ही आणि अक्का, घरात दोनच माणसं. आहे त्यात सुखाने चाललं होतं. आता काय भवानी पेठेत कारखानदार म्हणून पाटी लावायची आहे?

तुमचा,
हिंदुराव

भवानी पेठ, सोलापूर
ता. १२ सप्टेंबर १९३४

हिंदुराव, आशीर्वाद.

पाटीचं लिहिलंस ते मनाला लागलं. मी काय करतो आणि कशासाठी करतो याचा जाब मला माझ्या बापानेही विचारला नव्हता. थट्टा मुंबईच्या मित्रांशी करावी.

थांबणारं यंत्र मला नको. गिरणीत मी पाहिलं ते धाकट्या जातीचंच होतं. सुतार लाकडाला छाती लावून रेटत होता, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तरी ते मधेच बसायचं आणि लाकूड जाळायचं. एवढं रेटायचं तर रंधा काय वाईट? मला असं हवं आहे की लाकडाला नुसता हात लावावा आणि ते कापत जावं. माझं लाकूड सागवान आहे, कधी बाभूळ. बाभळीपुढे तुझी धाकटी रडेल.

तू भीती घालतोस म्हणून लिहितो. चाळीस वर्षं हत्यार धरलं आहे. बापाच्या हाताखाली शिकलो तेव्हापासून पाहतो, लांब लाकूड एकदा खुंट्यांच्या मधे ठोकून बसवलं की ते हलवायचं नाही. रंधा घालताना लाकडाच्या अंगातली रेषा उलटी निघाली, ढलप्या उडायला लागल्या, तर सुतार उठतो, दुसऱ्या टोकाला जातो आणि तिकडून रंधा घालतो. लाकूड जागच्या जागी राहतं. तूही सुताराचाच मुलगा आहेस, आमच्याकडे चार उन्हाळे बसून हे शिकलास. लाकूड कुठून कापून घेतं ते मला विचारावं लागत नाही.

पाठवायची तर थोरली पाठव. नाहीतर तसं स्पष्ट लिही, मी दुसरीकडे विचारतो.

जोतीराम

परळ, मुंबई
ता. २५ सप्टेंबर १९३४

दाजींना नमस्कार.

रागावलात. चूक माझी. थोरली आज रेल्वेने निघाली.

पाठवण्याआधी रविवारी वखार बंद असताना मी दोन्ही चालवून पाहिल्या. मुद्दाम बाभळीचा तुकडा मिळवला. धाकटीला तो लावला तेव्हा तिचा आवाज खाली खाली गेला आणि ती थांबली. मग थोरलीला लावला. तिचा आवाज बदललाच नाही. खरं सांगतो, मला ते बघून बरं वाटलं नाही. लाकूड आहे की हवा आहे, तिला काही फरकच नव्हता. पण काम एकदम साफ. तुमचा हट्ट चुकीचा नाही हे मान्य करतो.

आता नीट वाचा. टेबलाच्या उजव्या टोकाला, कडेवर, मी तांबड्या रंगाने बाण काढला आहे. लाकूड नेहमी त्याच टोकाकडून आत द्यायचं, म्हणजे ते पात्याच्या तोंडावर जातं. पातं लाकडाला मागे लोटतं, तुम्ही पुढे लोटता, दोघांची ओढाताण चालते आणि त्यातच माणूस सुरक्षित असतो. उलट दिलंत तर पातं आणि तुम्ही एकाच बाजूला ओढू लागता. मग लाकूड तुमचं राहत नाही. हात पात्याजवळ नेऊ नका, शेवटचा भाग दुसऱ्या लाकडाने ढकला.

अमावास्येला आपण हत्याराला हात लावत नाही, तसाच हिलाही लावू नका. शेजारचं इंजिन चालू असलं तरी पट्टा उतरवून ठेवा.

अक्काला सांगितलंत का?

हिंदुराव

भवानी पेठ, सोलापूर
ता. २२ ऑक्टोबर १९३४

हिंदुराव, आशीर्वाद.

यंत्र सुखरूप आलं. दसऱ्याला रंधा, करवत, पटाशी यांच्या शेजारी त्याचीही पूजा केली. झेंडू घातला, नारळ फोडला. सारजाने, तुझ्या अक्काने, कुंकू लावताना हात जरा आखडता घेतला. तिला यंत्राचं सांगितलं तेव्हा काही बोलली नाही. मला वाटलं होतं भांडेल.

काम कसं होतं म्हणून काय विचारतोस! एका बोटाने लाकूड सरकवावं आणि खाच तयार. विणकर येऊन खाचेतून बोट फिरवतात आणि माझ्याकडे बघतात. दिवाळीच्या आत बरेच हात्ये जातील. बऱ्याच दिवसांनी रात्री झोप लागली.

एक मात्र आहे. रंधा चालताना लाकूड बोलतं. कुठं गाठ आली, कुठं रेषा फिरली, ते कानाला आधी कळतं. या तुझ्या थोरलीच्या आवाजात मला लाकूड ऐकूच येत नाही. बहिऱ्यासारखा उभा असतो. काल एका सागवानी पट्टीला रेषा उलटी निघाली आणि खाचेची कड फाटत गेली. मला ते डोळ्याने बघून कळलं, कानाला कळलंच नाही. ती पट्टी बाजूला ठेवली आहे, चांगलं लाकूड आहे, टाकवत नाही. तिचं मी आपल्या जुन्या पद्धतीने बघतो.

दिवाळीला येणार असाल तर कळव.

जोतीराम

परळ, मुंबई
ता. २७ ऑक्टोबर १९३४

दाजींना नमस्कार.

तुम्हाला झोप लागली हे वाचून मलाही लागली. महिनाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता पेठेत तुमच्या नावाने काय काय बोलतात ते येऊन ऐकणार आहे. लाकूड ऐकू येत नाही म्हणून काय झालं? मुंबईत आम्हाला बायकोचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही, तरी संसार चाललाच आहे.

दिवाळीला रजा मिळाली तर पाडव्याला येतो. अक्काला म्हणावं, शेंगांची चटणी करून ठेव, इथली चटणी म्हणजे नुसतं तिखट. आणि हो, यंत्र आलं, सगळं आलं, पण कोंबडी काही बदललेली दिसत नाही!

हिंदुराव

सोलापूर
ता. ३ नोव्हेंबर

हिंदू,

मी सारजा लिवते. तू शाळेत जायचास तवा तुज्या पाटीवर गिरवून जेवडं आलं तेवडं आलं. बोलते तसं लिवते, समजून घे.

यांच्या हाताला लागलं. जीव हाय. सरकारी दवाखान्यात हायेत. डाव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं वाचंल म्हणतो डागदर.

गुरुवारची गोष्ट. ती सागवानी पट्टी त्यांनी बाजूला ठेवली व्हती, रेषा उलटी म्हणून. मी चहा घेऊन दारात आले. हे पट्टी घेऊन टेबलाच्या डाव्या टोकाला गेले. मी म्हनलं, "अवो, आज तिकडनं का?" तर म्हनले, "रेषा उलटी हाय, म्हणून हिकडनं." रंधा घालताना जातात की न्हाय दुसऱ्या टोकाला, तसंच. जन्मभर गेले तसं गेले. तू काडलेला बाण उजव्या अंगाला, त्या टोकावरनं दिसत न्हाय.

पट्टी लावली आन् यंत्रानं ती हिसकून घेतली. समोरच्या भिंतीला जाऊन आदळली, भिंतीचा पोपडा निघाला. पट्टीमागं हात गेला. यंत्र थांबलं न्हाय, हिंदू. त्याचा आवाज पण बदलला न्हाय. मी वरडत सिद्धलिंगप्पाकडं पळाले तवा त्यांनी इंजिन बंद केलं.

आता तुला दुसरं सांगते, ते तुला कुणी सांगितलं नसंल. यांचा उजवा हात संक्रांतीपासनं गेल्यासारखा हाय. पकड न्हाय, थरथरतो. रंधा धरवत न्हाय. तांब्या उचलताना दोन हात लावतात. मला कळू न्हाय म्हणून भाकरी आधी मोडून ठेवायचे, सदऱ्याची बटनं लावायला आत जाऊन बसायचे. मला सगळं ठाव व्हतं. बोलले न्हाय. बोलले असते तर त्यांनी मान आणिकच खाली घातली असती.

म्हणून त्यांना ते रेटावं न लागणारं यंत्र पायजे व्हतं. तुला वाटलं पैशाची हाव सुटली. पत्राचं अक्षर तुला कोंबडीचं दिसलं, ते त्या हाताचं व्हतं. तुजं शेवटचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, कोंबडीपाशी हसले, आन् मग उजवा हात मांडीखाली घेतला.

आन् यंत्रानं नेला तो चांगला हात नेला. उजव्याला पकड न्हाय म्हणून डावाच लाकडावर व्हता.

आता लगेच येऊ नको. तू आलास तर ते तुज्यासमोर धीर धरायला बघतील आन् त्यांच्यात धीर उरलेला न्हाय. मी सांगंन तवा ये.

सारजा

परळ, मुंबई
ता. ८ नोव्हेंबर १९३४

अक्का,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. वखारीत जातो, तिथं धाकटी अजून उभी आहे. तिच्याकडे बघवत नाही.

त्यांनी मला सगळं लिहिलं होतं. "नुसता हात लावावा आणि ते कापत जावं" असं लिहिलं होतं, आणि मी त्यात दिमाख वाचला. "जुन्या पद्धतीने बघतो" हेही लिहिलं होतं. त्यांच्या शेडमध्ये चार उन्हाळे मीही बसलो आहे. सुतार दुसऱ्या टोकाला जातो हे मला माहीत नव्हतं का? वाक्य डोळ्याखालून गेलं आणि मी बायकोच्या आवाजावर विनोद लिहीत बसलो. लाकूड उलट देऊ नका असं मी बजावलं, पण उलट्या रेषेच्या लाकडाचं काय करायचं ते लिहिलंच नाही. ते एवढंच होतं, अक्का. पट्टी पालथी घालून तिचं पुढचं टोक मागे करायचं, खाच मधोमध असते म्हणून चालतं, आणि पुन्हा उजव्याच टोकाकडून द्यायची. लाकूड फिरवायचं, आपण फिरायचं नाही. एका ओळीचं काम होतं.

मी म्हणालो होतो, थोरली समोर काय आलं ते बघत नाही. मीही बघितलं नाही.

यंत्र मी परत घेऊन जाणार. तू म्हणशील त्या दिवशी येतो, दाजींच्या पाया पडतो, आणि ते तिथून उचलतो. तोवर पट्टा उतरवून ठेव. कोणालाही त्याच्याजवळ जाऊ देऊ नकोस. रागाने बोलायचं असेल तर बोल, गप्प बसू नकोस.

हिंदू

भवानी पेठ, सोलापूर
ता. १६ डिसेंबर १९३४

हिंदुराव, आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि सारजा लिहिते आहे. मधे मधे ती स्वतःचं घालते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

घरी येऊन महिना होत आला. तिसरं बोट राहिलं, पण वाकत नाही. पहिले काही दिवस मी अंथरुणातून उठलो नाही. सारजाने भरवलं तर तोंड फिरवलं. एक दिवस ती ताट खाली ठेवून म्हणाली, "हात गेला म्हणून तोंड पण गेलं का? वर्षभर सोंग केलं, मी बघितलं. आता तरी सोंग बंद करा की." मला वाटत होतं तिला काही माहीत नाही. तिला वाटत होतं, तिला माहीत आहे हे मला कळू नये. एका घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. त्या दिवशी मी रडलो, हे ती लिहिणारच म्हणून मीच सांगतो.

तू अक्काला लिहिलंस ते तिने मला वाचून दाखवलं. माझ्या हाताचं मी तुला सांगितलं असतं, तर तू यंत्र पाठवलं नसतंस. म्हणून नाही सांगितलं. त्यामुळे तुझा वाटा किती, माझा किती, ते कोणी वेगळं करू शकत नाही. तू रडत बसू नकोस. मलाही आता कंटाळा आला आहे.

यंत्र न्यायला येऊ नकोस. यंत्र चालू आहे.

सारजा लाकूड देते. बाणाच्या टोकाकडून, बाजूला उभी राहून, शेवटी दुसऱ्या लाकडाने ढकलून, तुझं पत्र पाठ केल्यासारखं. तिला रेटावं लागत नाही, म्हणून तर दणकट मागवलं होतं. पहिल्या दिवशी तिने पदर दोनदा खोचला. मी बाण तीनदा दाखवला. पेठेतले आबासाहेब सुतार दारात येऊन म्हणाले, "बाईच्या हातात हत्यार? जोतीराम, काय हे?" त्यांना मी चहा दिला. विणकरांना मात्र काही वाटलं नाही, त्यांच्या घरी बाया सुताच्या कांड्या भरतातच. ते खाचेतून बोट फिरवतात आणि हात्या उचलून नेतात. अमावास्येला पट्टा उतरवण्याचं ती विसरत नाही.

ती सागवानी पट्टी आठवते ना? भिंतीवर आदळून टोकाला मोडली होती. सारजाने तेवढं टोक कापून काढलं, तू लिहिलंस तसं पट्टीचं पुढचं टोक मागे केलं आणि ती उजवीकडून दिली. साफ खाच आली. मी ती खाच बराच वेळ बघत बसलो. चाळीस वर्षं मी लाकडासाठी उठून दुसऱ्या टोकाला गेलो. लाकूडच फिरवावं हे मनात आलं नाही.

कान माझे अजून शाबूत आहेत. थोरलीच्या आवाजातून लाकूड ऐकायला मी आता शिकतो आहे. गाठ आली की "हळू" म्हणतो, ती हळू करते. थोडं ऐकू येतं, सगळं नाही. (हे खोटं हाय. सगळं ऐकू येतं त्यांना. सारजा.)

तू विचारशील, मी उभा कुठं असतो. डाव्या टोकाला. लाकूड तिकडून बाहेर येतं, ते टेकणाच्या लाकडी घोडीवर टेकेपर्यंत बघतो. त्या टोकाला मी उभा आहे, तोवर तिथून दुसरं कोणी लाकूड देऊ शकत नाही.

संक्रांतीला ये. शेंगांची चटणी झाली आहे.

खालची सही सारजाची नाही, माझी आहे. उजव्या हाताने केली आहे. अक्षराला हसायचं असेल तर आता खुशाल हस. कारण तुला ठाऊक आहे.

जोतीराम